आरसा-टांगणी, गुरुत्वीय तरंग अभिज्ञातकातील

आरसा-टांगणी, गुरुत्वीय तरंग अभिज्ञातकातील : गुरुत्वीय तरंगांचे अस्तित्व ओळखणाऱ्या व्यतिकरणमापकात (एकाच उगमापासून निघालेल्या दोन प्रकाशशलाका पुन्हा एकत्र आणून त्यांच्यातील अतिसूक्ष्म पथभेद मोजणाऱ्या उपकरणात) आरसे चौकटीवर घट्ट न बसविता लंबकाप्रमाणे टांगलेले असतात. आरसा ज्या तंतूंनी, पात्यांनी व मध्यस्थ वस्तुमानांनी तोललेला असतो, त्या सर्व रचनेस आरसा-टांगणी म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया या वेधशाळेत अशाच टांगण्या बसवावयाच्या आहेत. टांगणीने आरशाचा भार निर्धोकपणे पेलला पाहिजे, ही अपेक्षा उघडच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. आधारात निर्माण होणारे प्रतिबल (पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल) किती असावे, हे आधार तुटू नये म्हणून जसे ठरवावे लागते, तसेच आरसा शक्य तितका निश्चल राहावा म्हणूनही ठरवावे लागते. या दोन गरजा पुष्कळदा परस्परविरुद्ध दिशांना ओढतात आणि टांगणीच्या अभिकल्पातील (आराखड्यातील) खरी अडचण तीच आहे.

निश्चलतेची गरज : आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांतावरून गुरुत्वीय तरंगांचे भाकीत केले. अशा तरंगाचा प्रत्यक्ष वेध प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो (लेसर व्यतिकरणमापक गुरुत्वीय तरंग वेधशाळा) या अभिज्ञातकांनी घेतला. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या या तरंगाने ४ किमी. लांबीच्या भुजेत घडवून आणलेला बदल प्रोटॉनाच्या व्यासाच्या सु. चारशेव्या भागाइतका होता. याउलट पायाखालची जमीन समुद्राच्या लाटा, वारा, वाहने व यंत्रे यांमुळे सतत हलत असते आणि तिचे हे हलणे मोजावयाच्या बदलाच्या अब्जावधी पट मोठे असते. आरसा जमिनीला घट्ट बांधला, तर तरंगाचा मागमूसही लागणार नाही.

यावरचा मूळ उपाय अगदी साधा आहे. विहिरीत अधांतरी लोंबणाऱ्या भरलेल्या पोहऱ्याचा दोर वरून सावकाश सरकविला, तर पोहराही सरकतो. पण हात झपाट्याने मागेपुढे केला, तर पोहरा जागचा फारसा हलत नाही. कोणताही लंबक स्वतःच्या नैसर्गिक कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या दोलनांच्या संख्येपेक्षा) पुष्कळ अधिक कंप्रतेची हालचाल खालपर्यंत पोहोचू देत नाही. कंप्रता दहापट झाली की खाली पोहोचणारी हालचाल शंभरावा भाग होते. एका लंबकाखाली दुसरा, त्याखाली तिसरा व चौथा टांगला, तर हा परिणाम दर पायरीस गुणला जातो. लायगोमध्ये अशी चार पायऱ्यांची टांगणी वापरतात. निरीक्षणाची मर्यादा जेथे सुरू होते त्या १० हर्ट्झच्या आसपास ती जमिनीची हालचाल सु. एक कोटी पटींनी कमी करते. टांगणीच्या वर आणखी दोन प्रकारचे कंपनरोधक मंच असतात. त्यांतील संवेदक जमिनीची हालचाल मोजून तिच्या उलट बल लावतात. त्यांचे विवेचन येथे केलेले नाही.

रचना : चार पायऱ्यांपैकी वरच्या दोन वस्तुमानांचा भार प्रत्येकी सु. २२ किग्रॅ. व खालच्या दोघांचा प्रत्येकी सु. ४० किग्रॅ. असतो. सर्वांत खालचे वस्तुमान म्हणजेच आरसा. तो ३४ सेंमी. व्यासाचा व २० सेंमी. जाडीचा, संगलित सिलिकेचा (वितळवून काचेसारख्या केलेल्या शुद्ध सिलिकेचा) दंडगोल असतो. त्याच्या वरचे वस्तुमानही त्याच मापाचे व सिलिकेचेच असते. वरच्या तीन पायऱ्यांना पोलादी तारा व पोलादी पाती वापरतात. शेवटच्या पायरीत मात्र धातू अजिबात नसतो. आरसा सिलिकेच्या चार तंतूंवर लोंबतो.

पाती उभ्या दिशेतील हादरे शोषण्यासाठी असतात. एका टोकाशी आवळलेल्या व दुसऱ्या टोकाशी भार असलेल्या समान रुंदीच्या पट्टीत सर्वाधिक प्रतिबल आवळलेल्या टोकाशी येते आणि बाकीची पट्टी जवळजवळ बिनकामाची राहते. म्हणून पाते मुळाशी रुंद व टोकाकडे निमुळते, स्थूलमानाने त्रिकोणी कापतात. त्यामुळे त्याच्या सबंध लांबीत पृष्ठावरील प्रतिबल सारखे राहते आणि तेवढ्याच पोलादात अधिक लवचिकपणा मिळतो. पाते मूळचे वक्र घडविलेले असते व भार पडल्यावर सपाट होते. त्यासाठी मॅरेजिंग पोलाद हे उच्च बलाचे मिश्रपोलाद निवडतात, कारण सततच्या भाराखाली साधे पोलाद हळूहळू सरपटत लांबते. हे सरपटणे एकसारखे नसून लहान लहान झटक्यांनी होण्याचा संभव असतो आणि असा प्रत्येक झटका आरशापर्यंत पोहोचू शकतो.

ऊष्मीय क्षोभ आणि तंतूचे द्रव्य : जमिनीचा हादरा पूर्णपणे अडविला, तरी आरसा स्थिर होत नाही. टांगणीचे स्वतःचे रेणू तापमानामुळे सतत कंप पावत असतात आणि तो क्षोभ आरशाला हलवितो. प्रत्येक दोलनप्रकाराच्या वाट्याला येणारी ऊष्मीय ऊर्जा तापमानावरून ठरते व ती टाळता येत नाही. परंतु ती कोणत्या कंप्रतांवर पसरावी, हे मात्र द्रव्यातील ऊर्जाक्षयावर (अंतर्गत घर्षणाने होणाऱ्या ऊर्जेच्या नाशावर) अवलंबून असते. ऊर्जाक्षय जास्त असेल, तर क्षोभ सर्व कंप्रतांवर सांडतो. तो अत्यल्प असेल, तर बहुतेक सर्व क्षोभ नैसर्गिक कंप्रतेच्या अरुंद पट्ट्यात गोळा होतो व बाकीचे क्षेत्र निरीक्षणास मोकळे राहते.

लायगोच्या पहिल्या पिढीत सु. १०·७ किग्रॅ. भाराचे आरसे ०·३१ मिमी. व्यासाच्या पोलादी तारेच्या वेढ्यात टांगलेले होते. पोलादातील ऊर्जाक्षय सिलिकेच्या मानाने पुष्कळ अधिक, शिवाय तार जेथे आरशाच्या कडेवर टेकते तेथील घर्षणाची भर. त्यामुळे दुसऱ्या पिढीत पोलाद वगळून सिलिका स्वीकारण्यात आली. जर्मनीत हॅनोव्हरजवळील जीईओ-६०० या ६०० मी. भुजांच्या अभिज्ञातकात ब्रिटनमधील ग्लासगो विद्यापीठाच्या पुढाकाराने ही पद्धत आधी यशस्वी झाली होती. तेथील आरसे सु. ५·६ किग्रॅ. भाराचे होते. तीच पद्धत सातपट भारी आरशांना लावणे हे मोठे पाऊल होते.

लंबकाची आणखी एक सोय येथे उपयोगी पडते. आरसा किंचित बाजूस सरला की त्याला परत आणणारे बल मुख्यतः गुरुत्वाकर्षणाचे असते. तंतूच्या वाकण्यातून येणारा वाटा अगदी लहान असतो. गुरुत्वाकर्षणात घर्षण नाही. ऊर्जाक्षय होतो तो फक्त वाकण्याच्या वाट्यात. तंतू जितका बारीक तितका तो वाकण्यास मऊ व हा वाटा कमी. तंतूचे बल त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे व्यास निम्मा केला, तर बल चौथाई राहते, पण ताठपणा सोळावा हिस्सा होतो. तंतू बारीक करण्याचा मोह यातूनच उत्पन्न होतो आणि तंतू बारीक करणे म्हणजेच प्रतिबल वाढविणे.

प्रतिबलाची निवड : लायगोतील प्रत्येक तंतू ६० सेंमी. लांब असून त्याच्या मधल्या भागाचा व्यास ०·४ मिमी. असतो. आरशाचा चौथा हिस्सा, म्हणजे सु. १० किग्रॅ. भार, एका तंतूवर येतो. यावरून मधल्या भागातील प्रतिबल दर चौ. मिमी.स सु. ७८० न्यूटन निघते. साधे बांधकामाचे पोलाद सु. २५० न्यूटनांवर कायमचे ताणले जाऊ लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या काचतंतूवरील भाराची कल्पना येते. भार पडताच तो सहा ते सात मिमी.नी लांबतो.

तंतू इतका ताणलेला ठेवण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, आरसा तंतूंवर वरखाली झोके घेऊ शकतो. या उभ्या दोलनाची कंप्रता लायगोमध्ये सु. ९ हर्ट्झ असून ती निरीक्षणक्षेत्राच्या लगेच खाली पडते. दुसरे असे की, तंतू वाद्याच्या ताणलेल्या तारेप्रमाणे आडवाही कंप पावतो आणि या कंपनाची मूळ कंप्रता सु. ५०० हर्ट्झ असते. तंतू सर्वत्र ०·८ मिमी. जाडीचा ठेवला असता, तर प्रतिबल चौथाई झाले असते; उभे दोलन सु. १८ हर्ट्झवर, म्हणजे थेट निरीक्षणक्षेत्रात, आले असते आणि तारेचे कंपन सु. २५० हर्ट्झवर उतरून आणखी एक उपयुक्त पट्टा खराब झाला असता. म्हणजे जाड तंतू अधिक सुरक्षित असता, पण वेधशाळा त्या मानाने बहिरी झाली असती.

तथापि टोकांना हा नियम लागू पडत नाही. आरसा हलताना तंतू सबंध लांबीत वाकत नाही. तो वाकतो दोन्ही टोकांशी, थोड्याच अंतरात. वाकलेल्या भागाची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. त्यामुळे दोन बाजूंच्या तापमानांत किंचित फरक पडतो, उष्णता एकीकडून दुसरीकडे वाहते व ऊर्जेचा नाश होतो. सिलिकेच्या बाबतीत हा नाश जवळजवळ शून्यावर आणता येतो आणि त्याचे साधन प्रतिबल हेच आहे. बहुतेक पदार्थ तापले की मऊ होतात. सिलिका मात्र तापली की किंचित ताठ होते. ताणलेला सिलिका तंतू तापला म्हणजे एकीकडे ऊष्मीय प्रसरणाने लांबू पाहतो, तर दुसरीकडे ताठ झाल्यामुळे भाराखालील लांबी कमी करू पाहतो. एका विशिष्ट प्रतिबलाला हे दोन परिणाम एकमेकांना खोडून काढतात. सिलिकेच्या ज्ञात गुणधर्मांवरून हे प्रतिबल दर चौ. मिमी.स १९० न्यूटनांच्या आसपास येते. तंतूच्या टोकांशी सु. २ सेंमी. लांबीचा भाग ०·८ मिमी. व्यासाचा ठेवला, तर तेथील प्रतिबल सु. १९५ न्यूटन होते. टोके जाड ठेवण्याचे प्रयोजन हे आहे. केवळ मजबुतीसाठी ती जाड केलेली नाहीत. मधे बारीक व टोकांना जाड असा हा आकार मनमानी वाटला, तरी त्यातील दोन्ही मापे अशा रीतीने प्रतिबलावरून ठरलेली आहेत.

सिलिकेतील ऊर्जाक्षय इतका कमी असल्याचा एक त्रासही होतो. एकदा छेडलेला तंतू थांबतच नाही. त्याचे तारेसारखे कंपन विरून जाण्यास आठवड्याच्या आसपास काळ लागतो. ते नियंत्रक यंत्रणेने मुद्दाम शमवावे लागते.

तंतूचे बल : काच ठिसूळ आहे हा सर्वांचा अनुभव. मग चार काचतंतूंवर ४० किग्रॅ. भार कसा टांगावा? याचे उत्तर द्रव्यात नसून पृष्ठभागात आहे. इंग्रज अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, काचेचे बल कमी असते ते तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म भेगांमुळे. भेगेच्या टोकाशी प्रतिबल अनेक पटींनी एकवटते व तेथून काच फाटत जाते. नुकत्याच ओढलेल्या, कशाचाही स्पर्श न झालेल्या बारीक तंतूवर अशा भेगा फारच थोड्या असतात आणि त्याचे बल आश्चर्यकारक असते. त्याआधीही १८८७ मध्ये सी. व्ही. बॉइझ यांनी क्वॉर्ट्झ वितळवून, त्याला बाण जोडून व तो बाण धनुष्यातून सोडून अतिशय बारीक तंतू काढले होते आणि पुढे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात टांगणीसाठी ते वापरले होते. लायगोच्या टांगणीची वंशावळ या बाणापर्यंत नेता येते.

आता बाणाऐवजी लेसर वापरतात. सु. ३ मिमी. व्यासाची सिलिकेची कांडी कार्बन डाय-ऑक्साइड लेसराच्या शलाकेने सर्व बाजूंनी तापवितात. प्रथम पृष्ठभाग नुसता वितळवून त्यावरील जुन्या भेगा भरून काढतात. मग एक टोक सावकाश पुढे सरकवीत दुसरे टोक वेगाने ओढतात. दोन वेगांचे गुणोत्तर क्षणोक्षणी बदलून ३ मिमी.पासून ०·८ मिमी. व तेथून ०·४ मिमी. असा आकार मिळविला जातो. ओढलेल्या तंतूची जाडी सबंध लांबीत कॅमेऱ्याने मोजतात. त्यानंतर त्याला नेहमीच्या भाराच्या दीडपट भार लावून पाहतात. तुटावयाचा असेल तर येथेच तुटावा हा हेतू. चांगल्या तंतूंचे बल दर चौ. मिमी.स चार ते पाच हजार न्यूटन भरते, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिबलाच्या पाच-सहापट. इमारतीच्या वा पुलाच्या हिशेबात ही राखीव शक्ती भरपूर म्हटली असती. येथे तसे म्हणता येत नाही, कारण ती टिकणे न टिकणे एका ओरखड्यावर अवलंबून असते.

आरशाला तंतू जोडण्याची रीतही याच विचारातून आली आहे. आरशाच्या दोन्ही सपाट केलेल्या बगलांवर सिलिकेचे लहान ‘कान’ बसवितात. त्यासाठी डिंक किंवा गोंद वापरीत नाहीत, कारण त्यात ऊर्जाक्षय फार. क्षारीय विद्रावाचा एक थेंब दोन गुळगुळीत पृष्ठांमध्ये सोडला असता सिलिकेचे रेणू परस्परांत गुंतून, मिमी.च्या दहा-हजाराव्या भागापेक्षाही पातळ असा घट्ट जोड तयार होतो. प्रत्येक कानाच्या शिंगांना दोन तंतू लेसराने वितळवून जोडतात. कान, जोड, तंतू व आरसा अशा रीतीने जवळजवळ एकाच काचेचा अखंड तुकडा बनतो. जोडताना तंतूला हात लागता कामा नये. जोड वाकडा झाला वा चार तंतूंतील ताण सारखा नसला, तर तंतू कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सिलिकेचा दुसरा शत्रू पाण्याची वाफ होय. भेगेच्या टोकाशी ताणलेल्या रेणुबंधांवर आर्द्रता विक्रिया करते व स्थिर भाराखालीही भेग हळूहळू वाढत जाते. म्हणून तंतू कोरड्या जागी ठेवतात. प्रत्यक्ष वापरात टांगणी निर्वातात असल्याने ही भीती बहुतांशी दूर होते. परंतु निर्वात यंत्रणाच घातक ठरल्याचे एक उदाहरण आहे. इटलीत पीसाजवळील व्हर्गो अभिज्ञातकाच्या सुधारित आवृत्तीत सिलिका तंतू बसविल्यावर ते निर्वातात एकामागून एक तुटू लागले. पुष्कळ शोधानंतर असे आढळले की, निर्वात पंपांतून आलेले धूलिकण, पात्रात हवा सोडताना, वेगाने तंतूंवर आपटत होते. त्यामुळे व्हर्गोला ऑगस्ट २०१७ मधील निरीक्षणांत तात्पुरत्या पोलादी तारांवर आरसे टांगून भाग घ्यावा लागला. पंप व हवामार्ग बदलून आणि तंतूंभोवती संरक्षक आवरणे बसवून सिलिका पुन्हा २०१८ मध्ये आणण्यात आली. या टांगण्यांच्या इतिहासात याहून बोधप्रद प्रकरण नाही : हिशेबातील प्रतिबल बरोबर होते, तंतू उत्तम होते आणि तरीही पुरेसे ठरले ते धुळीचे कण.

सूक्ष्म आरशांचे आधार : आकाराने दुसऱ्या टोकाला असलेल्या, सिलिकॉनाच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म आंदोलक आरशांशी तुलना केल्यास आधारांचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. असे आरसे प्रकाशशलाका इकडून तिकडे फिरविण्यासाठी व चित्रप्रक्षेपणासाठी वापरतात. सिलिकॉनाच्या पीळदांड्यांवर डोलणारा आरसा कर्ट पीटरसन यांनी १९८० मध्ये वर्णिला. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली, हजारो आरशांची प्रक्षेपण-चकती पुढे सर्वत्र पसरली. एखाद्या वस्तूचे माप दहावा भाग केले, तर तिचा भार हजारावा भाग होतो, पण आधाराचा छेद शंभरावाच भाग होतो. त्यामुळे सूक्ष्म आरशाला स्वतःचा भार जवळजवळ जाणवत नाही. आधारातील प्रतिबल येते ते पिळामुळे. ते आंदोलनाच्या कोनाच्या व दांडीच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दांडी लांब व बारीक केली, तर प्रतिबल उतरते, पण ताठपणा व त्याबरोबर आंदोलनाची कंप्रताही उतरते. शिवाय दांडी जेथे आरशाला व चौकटीला मिळते, त्या कोपऱ्यात प्रतिबल एकवटते. तेथे काटकोन न ठेवता गोलाई देतात. सिलिकॉनही ठिसूळच, त्याचे बलही कोरताना राहिलेल्या पृष्ठदोषांवर ठरते आणि दमट हवेत वारंवार पिळल्याने त्याचे अतिबारीक भाग कालांतराने भंगतात.

या दोन जगांची प्रत्यक्ष गाठही पडली आहे. लेसराच्या प्रकाशाचा दाब आरशाला पुंजीय अनियमिततेने ढकलतो व त्यामुळेही मापनाला मर्यादा पडते. हा परिणाम सामान्य तापमानाला, लायगो ऐकते त्याच ध्वनिकंप्रतांवर, २०१९ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठात मोजला गेला. त्यासाठी गॅलियम आर्सेनाइडाच्या सूक्ष्म पट्टीवर धरलेला, सु. ५० नॅनोग्रॅम वस्तुमानाचा आरसा वापरला होता.

हिंगोली येथील वेधशाळा : भारतात या विषयातील सैद्धांतिक काम जुने आहे. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रात (आयुकात) संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी गोंगाटात बुडालेला तरंगसंकेत ओळखण्याच्या गणिती पद्धतींवर १९९० च्या सुमारापासून काम करीत आले. देशातील संशोधकांचा इंडिगो हा संघ २००९ मध्ये स्थापन झाला. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे पहिला वेध जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत, तत्त्वतः मान्यता दिली, सु. २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसविण्यात आली. प्रकल्प अणुऊर्जा विभाग व विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग यांचा असून आयुकाखेरीज इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि मुंबईचे बांधकाम, सेवा व संपदा व्यवस्थापन संचालनालय यांचा त्यात सहभाग आहे. दूर अंतरावरील आणखी एका अभिज्ञातकामुळे तरंग आकाशाच्या कोणत्या भागातून आला हे अधिक अचूकपणे ठरविता येते.

जागा निवडताना ४ किमी. लांबीच्या दोन काटकोनी भुजा मावतील अशी सपाट जमीन, समुद्रापासूनचे अंतर, रेल्वे व मोठ्या रस्त्यांपासूनची अलिप्तता आणि जमिनीची शांतता यांचा विचार झाला. औंढा नागनाथ हे नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी सर्वज्ञात असलेले ठिकाण दख्खनच्या बेसाल्टी पठारावर आहे. मराठवाड्याची ही जमीन दीर्घकाळ स्थिर समजली जात असे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हजारो माणसे दगावली व तो समज मोडला. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४·५ च्या आसपास महत्तेचे धक्के जाणवले.

अशा धक्क्यांचा टांगणीवर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो. जमिनीच्या उभ्या त्वरणाने तंतूंवरील भार वाढतो. परंतु त्वरण गुरुत्वाच्या दहाव्या हिश्शाइतके झाले, तरी तेवढ्याने प्रतिबल एक-दशांशानेच वाढेल आणि पाच-सहापट राखीव बलापुढे ते क्षुल्लक आहे. शिवाय पोलादी पाती यातील पुष्कळ भाग शोषतात. खरा धोका आरसा झोके घेऊन शेजारच्या चौकटीवर आदळण्याचा, कान निखळण्याचा किंवा एखादा टवका तंतूला घासून जाण्याचा असतो. म्हणून आरशाभोवती सर्व बाजूंनी, अगदी थोडे अंतर राखून, भूकंपरोधक टेकण बसविलेले असतात. आरसा फार हलला, तर त्यांवर टेकतो व वरच्यावर तोलला जातो. जपानमधील काग्रा अभिज्ञातक डोंगराच्या पोटात आहे. तेथे नीलमण्याचे (सॅफायरचे) सु. २३ किग्रॅ. भाराचे, अतिशीत केलेले आरसे नीलमण्याच्याच जाड तंतूंवर टांगलेले आहेत. तरीही १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाने त्याच्या टांगण्यांत बिघाड होऊन दुरुस्तीत दीर्घ काळ गेला. हिंगोलीला नोतोइतका प्रचंड धक्का अपेक्षित नाही, परंतु टेकणांतील अंतर व निरीक्षण थांबविण्याची तत्परता यांचा विचार येथेही करावा लागेल.

अमेरिकेत मुळात तीन अभिज्ञातकांची सामग्री तयार करण्यात आली होती. त्यांपैकी तिसरा संच भारतासाठी राखून ठेवण्यात आला. आरसे, मध्यस्थ वस्तुमाने व पाती अशा रीतीने बांधून समुद्रापार पाठविता येतात. तंतू मात्र असे पाठविण्याजोगे नसतात. ते वापरापूर्वी थोडेच दिवस आधी, जागेवरच ओढून, मोजून, भार लावून पारखावे लागतात. त्यामुळे दुधाळा येथे आरशांच्या दालनांइतकीच धूळरहित व कोरडी अशी तंतू ओढण्याची शाळा असणे आवश्यक आहे आणि हात न लावता तंतू जोडण्याचे कौशल्य येथील तंत्रज्ञांना वेधशाळा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, सरावाच्या वस्तुमानांवर, शेकडो तंतू तोडूनच मिळवावे लागेल.